माहेरी आलेल्या बाळांची यादी

"जरा बाजूला होता का? उजेड अडतोय."

यमुनानं वर न बघताच सांगितलं. उजेड अडवणारा निमूट बाजूला झाला. थोड्या वेळानं घसा खाकरून म्हणाला, "त्याचं काय आहे... ती खुर्ची माझी आहे."

तेव्हा कुठं बाईसाहेबांनी मान वर केली. समोर एक उंच, किडकिडीत तरुण. केस भिजलेले, चष्म्यावर थेंब, काखेत छत्री. छत्री असून भिजलेला माणूस यमुनानं पहिल्यांदाच बघितला. हसू आलं, पण तिनं ते दाबलं. कामात असताना ती हसत नसे.

"खुर्ची तुमची, पण बाळं माझी," ती म्हणाली. "अजून एकशेसाठ उरलीत. थांबा जरा."

२००६ सालचा जुलै, शनिवारची दुपार. हुबळीत लॅमिंग्टन रोडवर वह्यापुस्तकांच्या एका दुकानाच्या माडीवर एका संस्थेचं आरोग्य माहिती केंद्र होतं. संस्थेच्या नर्सा चाळीस खेड्यांत हिंडायच्या. कुणाला दिवस गेले, कुठं बाळ झालं, कुणाला कुठली लस टोचली, सगळ्याचे फॉर्म भरून इथं पाठवायच्या. इथं ते कॉम्प्युटरात जायचे. गेले ते गेलेच! महिन्याच्या शेवटी कॉम्प्युटर फक्त टक्के सांगायचा. नावं मागितली तर पडद्यावर एका वेळी वीस, आणि कागदावर एकही नाही. म्हणून अळणावर गावापलीकडच्या चार खेड्यांची ही नर्स दोन बस बदलून आली होती, आणि स्वतःच भरून पाठवलेली नावं वहीत पुन्हा उतरवून घेत होती.

"सिस्टर, एवढा खटाटोप कशाला? तुमच्या गावांचे तर शंभर टक्के दिसतात," तो म्हणाला.

झालं! नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं बिचाऱ्यानं.

"शंभर टक्के?" यमुनानं पेन खाली ठेवलं. "गेल्या वर्षी आमच्या रुक्मिणीअक्कांची नात डांग्या खोकल्यानं निळी पडली. माझ्या मांडीवर, जीपमध्ये, धारवाड येईपर्यंत. पोर वाचली, देवाची कृपा. तिला एकही डोस मिळाला नव्हता. आणि त्या महिन्याला तुमच्या या डब्यानं काय सांगितलं? शंभर टक्के! त्या दिवशी ठरवलं, टक्के नकोत. मला नावं पाहिजेत. माझ्या हातात, कागदावर, दर महिन्याला."

 तो स्टूल ओढून तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "तुम्ही लिहा. मी वाचून दाखवतो."

त्याचं नाव प्रभंजन. हे कॉम्प्युटरचं सगळं त्यानंच उभं केलेलं. घरचं जुन्या हुबळीत भांड्यांचं दुकान, दोन पिढ्यांमागं निपाणीकडून आलेली मंडळी. नाव वादळाचं आणि आवाज असा मऊ, की यमुनाला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा ऐकू आलं होतं, तरीही म्हणाली. आता का म्हणाली, ते तिलाच ठाऊक.

"हे सगळं एका कागदावर का येत नाही हो?" शंभर नावं झाल्यावर तिनं विचारलं.

"अख्खं टेबल देता येत नाही. त्यात बायकांचे आजार, तपासण्या, नाही नाही ते असतं."

"मला आजार कशाला? बाळाचं नाव, आईचं नाव, गाव, पुढची लस कधी. बस्स."

"म्हणजे तुम्हाला व्ह्यू हवा." तिचा चेहरा बघून तो हसला. "टेबल म्हणजे अख्खं घर समजा. व्ह्यू म्हणजे त्या घराला पाडलेली खिडकी. जेवढं दाखवायचं तेवढंच दिसतं. मग तुम्ही अळणावरच्या सायबर कॅफेत बसून तेवढंच डाउनलोड करायचं, छापायचं, आणि चालू पडायचं."

"मग पाडा की खिडकी! अडवलंय कुणी?"

प्रभंजननं काचेपलीकडच्या केबिनकडं बघून आवाज आणखी खाली नेला. "मधुकरअण्णांनी."

मधुकरअण्णा केंद्राचे व्यवस्थापक. माणूस वाईट नव्हता हो. पण पूर्वी एकदा कुठूनशी एक यादी बाहेर गेली आणि एका गरीब बाईची झाकली गोष्ट गावभर झाली, तेव्हापासून त्यांचा नियम एकच. माहिती आत येईल, बाहेर जाणार नाही. ऑगस्टअखेर संस्थेची मंडळी बसणार होती, आणि तेव्हा हा कॉम्प्युटर तरी ठेवायचा की नाही, इथपासून ठरायचं होतं. ठेवायचा नाही असं ठरलं, तर बंगळूरची एक नोकरी प्रभंजनची वाट बघत होतीच.

"ऑगस्टअखेर," यमुना उठत म्हणाली. "म्हणजे सहा आठवडे आहेत. चाचणी म्हणून माझ्या चार गावांची खिडकी पाडा. बाकीचं मी बघते."

"सिस्टर, मला नियम मोडायला सांगताय?"

"छे! नियम चुकीचा आहे, एवढंच सांगतेय."

आणि निघून गेली. पायऱ्या उतरताना मात्र तिनं एकदा मागं बघितलं... तो जिन्याच्या तोंडाशी उभा होता, चष्मा हातात धरून. चष्म्याशिवाय त्याला काय दिसत होतं कोण जाणे.

पुढच्या मंगळवारी अळणावर स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत यमुनाच्या हातात पहिला छापील कागद पडला. दोनशेबारा नावं! तिनं तो छातीशी धरला, वाचला... आणि तरातरा एसटीडी बूथवर गेली.

"हॅलो, प्रभंजन सर? खिडकी चुकीच्या भिंतीला पाडलीत तुम्ही!"

"म्हणजे?"

"यातली एकतीस बाळं माझ्या गावात नाहीतच. आणि गावात जी रडताहेत, ज्यांच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्या, ती या कागदावर नाहीत. रुक्मिणीअक्कांची ती नात अजून इथंच आहे, ती कुठाय?"

पलीकडं कीबोर्ड वाजला. "आहे ना. तिच्या वडिलांच्या गावाच्या यादीत. कलघटगीकडं. पत्ता अगदी बरोबर आहे."

"पत्ता बरोबर, पण बाळ कुठाय? अहो, पहिलं बाळंतपण माहेरी असतं! आईचं नाव सासरच्या गावात, बाळ आजोळी. सासरची नर्स लिहिते, 'गावात नाही'. आजोळच्या नर्सच्या यादीत ते बाळ मुळी नाहीच. आणि टक्के काढताना तुमचा डबा 'गावात नाही' वाल्यांना गाळतो. हो ना?"

पलीकडं पुन्हा कीबोर्ड खडखडला.

"...हो," तो म्हणाला. "हे माझ्या लक्षातच आलं नाही. मला बहीण नाही, सिस्टर."

"आई आहे ना? तिला विचारा, तुमचा जन्म कुठला."

"निपाणीचा. आजोळी."

"मग बघा! तुम्हीसुद्धा राहिला असता लशीवाचून."

दोघंही हसले. बूथवाला मीटरकडं बोट दाखवत होता, पण यमुनाला ते दिसलंच नाही.

गुरुवारी लसीकरणाच्या दिवशी प्रभंजनची स्वारी स्वतः गावात हजर! "डोळ्यांनी बघितल्याशिवाय खिडकी पाडणार नाही," म्हणाला. श्रावणाची झिमझिम चालू होती, वाटेवर चिखल. यमुना सराईतपणे पुढं, आणि हा लसीचा डबा छातीशी धरून, चपला चिखलातून उपसत मागं. छत्री त्यानं डब्यावर धरली होती, स्वतः भिजत होता. छत्री असून हा का भिजतो, ते आता यमुनाला कळलं. तिला ते आवडलं. फार आवडलं, खोटं कशाला बोला.

घराघरात त्यानं विचारलं, माहेरी कधी येतात, परत कधी जातात.

"परत जातात बाळाच्या तिसऱ्या महिन्यात नाहीतर पाचव्या," रुक्मिणीअक्का म्हणाल्या.

"चौथ्यात?"

"यप्पा! चौथ्यात कुणी बाळ हलवतं का?" म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मग यमुनाकडं वळून, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं, "नर्सक्का, एवढा शिकलेला, आणि एवढंही ठाऊक नाही. याचं लग्न झालेलं दिसत नाही."

यमुनाच्या हातातली सुई तशीच राहिली. कानाच्या पाळ्या तापल्या.

"दीड, अडीच, साडेतीन महिने," परतीच्या वाटेवर तो पुटपुटत होता. "तिन्ही डोस नेमके त्याच काळात. यमुना, म्हणजे हे सगळे—"

तो थांबला. तीही थांबली. सिस्टरची यमुना झाली होती आणि दोघांनाही ते ऐकू आलं होतं.

"पुढं बोला," ती म्हणाली.

"फॉर्मात एक रकाना वाढवतो. बाळ सध्या कुठं, आणि कधीपर्यंत."

"रकान्याचं नाही विचारलं मी."

"दुसरं... अजून बोलता येत नाही," तो चष्मा पुसत म्हणाला. "आधी हे पार पडू दे."

यमुनानं मान हलवली. तिलाही तेच हवं होतं. आधी यादी.

नव्या खिडकीतून आजोळी आलेली, डोस चुकलेली तेवीस बाळं निघाली. तेवीस! यमुनानं चार गावं पायाखाली घातली. ताप आला म्हणून भांडणाऱ्या आज्यांना समजावलं, रागावलं, एकीच्या दारात तासभर ठाण मांडून बसली. ऑगस्टअखेरपर्यंत तेवीसच्या तेवीस बाळांना जे डोस द्यायचे ते दिले, आणि प्रत्येक नावापुढं आईची सही नाहीतर अंगठा घेतला.

बैठकीत तोच कागद तिनं टेबलावर ठेवला. मधुकरअण्णांनी तो उचलला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही छापील यादी बाहेर गेली कशी? कुणी दिली?"

"मी दिली," प्रभंजन उभा राहिला.

"मी मागितली," यमुना त्याच्याआधीच उभी होती.

"नियम मला ठाऊक होता. चूक माझी."

"त्यांना काय विचारता? मी मागं लागले. चूक माझी."

"अण्णा, त्यांच्या नोकरीला धक्का लावू नका, मी तर तसाही—"

"मध्ये बोलू नका हो! अण्णा, मला काय करायचं ते करा, पण त्यांना—"

संस्थेच्या अध्यक्ष डॉक्टर सुशीलाताई चष्म्यावरून एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होत्या. "बसा दोघंही," त्या म्हणाल्या. "चुकीवरून एवढं भांडण मी चाळीस वर्षांत बघितलं नाही. लोक ढकलतात, तुम्ही ओढताय."

सगळे हसले, अण्णा सोडून. यमुना त्यांच्याकडं वळली. 

"अण्णा, तुमची भीती खरी आहे. मीही बाईच आहे. पण या कागदात एक तरी आजार आहे का बघा. प्रत्येक नर्सला तिचा पासवर्ड, तिला फक्त तिचीच गावं. आणि ही तेवीस बाळं मोजा. ती कुठल्याच गावची नव्हती. रागवा, काढून टाका मला. पण खिडकी बंद करू नका."

अण्णांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. अंगठ्यांवरून बोट फिरवलं. 

"प्रत्येक डाउनलोडची नोंद राहिली पाहिजे," शेवटी ते म्हणाले. "कुणी, कधी, कुठली यादी. आणि विचारल्याशिवाय असलं पुन्हा करायचं नाही."

"आयतु, अण्णा! झालंच म्हणून समजा!" यमुना म्हणाली, आणि मग मात्र तिचे डोळे भरून आले. चाळीसच्या चाळीस खेड्यांना यादी मिळाली.

बसस्टँडवर धारवाडची गाडी लागली होती. झिमझिम थांबून ऊन पडलं होतं, आणि दोघंही छत्रीच्या दांड्याकडं बघत उभे होते. 

शेवटी यमुनाच म्हणाली. तीच म्हणणार होती.

"बंगळूरला कधी जायचंय?"

"एक तारखेला बोलावलंय."

"मी राहा म्हणणार नाही," ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "यादीसाठी राहायचं असेल तर तसं सांगा. माझ्यासाठी राहायचं असेल तर तसं सांगा. दोन्ही एका पुडीत बांधून देऊ नका. मला नंतर सोडवत बसता येणार नाही."



"यादीला आता माझी गरज नाही, यमुना. सगळं लिहून ठेवलंय, कुणीही चालवील. काही अडलंच तर बंगळूरहून बसल्या जागी दुरुस्त करीन. डाउनलोड आहे ते... कुठूनही होतं." त्याचा आवाज आज मऊ नव्हता. "त्यामुळं राहायला दुसरं निमित्तच उरलेलं नाही. मी राहतोय ते फक्त तुमच्यासाठी. त्यांना मी सकाळीच नाही कळवलंय."

"सकाळी? बैठकीच्या आधी?"

"हो. यादी मिळाली नसती तरी राहणार होतो."

 किती आठवडे यमुनानं मनातलं 'आधी यादी, आधी यादी' म्हणून दाबून ठेवलं होतं! कंडक्टरनं घंटी मारली. ती पायरीवर चढली, वळली.

"गुरुवारी लसीकरण आहे, मला वेळ नाही. बुधवारी घरी या. अप्पांशी मी आजच बोलते."

"ते नाही म्हणाले तर?"

"तर गुरुवारी पुन्हा बोलेन. लसीकरण झाल्यावर." ती हसली, भर कामात, भर बसस्टँडवर. "आणि प्रभंजन... मलाही तुम्हीच हवे आहात."

गाडी सुटली. तो हात हलवायचा विसरला, आणि ती खिडकीतून हात हलवतच राहिली.