घुमाऱ्याचा डबा

ही गोष्ट रात्रीची नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे अंधारात माणसाला काहीही भास होतात असं नंतर कुणी म्हणायला नको.

शनिवार, १७ ऑक्टोबर २००९. दुपारचे अडीच-तीन. लख्ख ऊन होतं. मिशिगनमध्ये, सॅगिनॉच्या पश्चिमेला, बीट काढायचे दिवस. ट्रकमधून पडलेले बीट रस्ताभर लोळत होते.

ज्याच्यावर हे गुदरलं तो माझ्या बायकोचा मामा, ड्वेन झिमर. नात्याने मोठा, मान द्यायला हवा. पण मी त्याला 'तो'च म्हणणार. का, ते पुढे कळेल.

हे सगळं त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. शेवटचं मात्र मी माझ्या कानांनी ऐकलंय. खोटं सांगून मला काही मिळायचं नाही.

ड्वेनचा नाद जुन्या गाड्यांचा. साठ-सत्तर सालात गाडी मागवताना यादीवर खुणा करून जादा वस्तू मागवता यायच्या. त्यातल्या काही इतक्या कमी लोकांनी घेतल्या की आज तशी गाडी दिसली की माणसं वेडी होतात. मग भंगारातून वस्तू आणायची, गुपचूप बसवायची आणि 'कारखान्यातूनच आलीय' म्हणायचं, असे महाभागही ढिगाने. त्यांना पकडण्यात ड्वेनचा हात धरणारा कुणी नव्हता. चाळीस वर्षांत एकदाही चुकलो नाही, असं तो सांगायचा.

पकडायची त्याला चटकच लागली होती. कुणाला बाजूला घेऊन हळूच सांगणं त्याला जमायचं नाही. चार माणसं जमू द्यायचा आणि मग बोलायचा.

२००७ च्या ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लाईल ब्रँडाऊ नावाचा माणूस गाडी घेऊन आला. बेचाळीस-त्रेचाळीसचा, साधा, घामाघूम झालेला. हिरवी, दोन दरवाज्यांची, १९६६ ची गाडी. कंपनीचं नाव मी सांगत नाही. त्याच्या वडिलांनी, एमेटने, ती नवी कोरी मागवली होती. त्यात एक दुर्मीळ वस्तू होती, घुमाऱ्याचा डबा. मागच्या काचेखालच्या फळीत बसवलेला. त्यात स्प्रिंगा असायच्या. रेडिओवर पुढे गाणं लागलं की तेच गाणं अर्ध्या क्षणाने मागून यायचं, मोठ्या हॉलमध्ये बसल्यासारखं.

ड्वेनने फळीखाली टॉर्च मारला आणि हसला.

"कारखान्यात आधी भोकं पाडतात, मग रंग देतात," तो म्हणाला. "इथे भोकांच्या कडेला उघडा पत्रा दिसतोय. हे कुणीतरी घरी ड्रिल मारलेलं आहे."

"डबा पहिल्यापासून आहे," लाईल म्हणाला. "माझे वडील इथेच बसलेत. त्यांनाच विचारा ना."

सहा पावलांवर घडीच्या खुर्चीत एमेट बसला होता. शहाऐंशी वर्षांचा. ड्वेनने त्याच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

"खोटारड्याला विचारून काय होणार?"

लोक हसले. रांगेतल्या शेवटच्या गाडीपर्यंत हसू पोचलं. म्हातारा उठायला गेला आणि त्याला उठता येईना. त्याच्या सुनेने, नडीनने, त्याला धरून उठवलं.

संध्याकाळी नडीन सासऱ्याला घेऊन आपल्या गाडीतून पुढे गेली. लाईल हिरवी गाडी घेऊन मागून निघाला.

तो घरी पोचलाच नाही.

घरापासून दोन मैलांवर, शेताच्या कडेला, गाडी उभी सापडली. इंजिन चालू. रेडिओ चालू. पुढची सीट...

रिकामी.

लाईल मागच्या सीटवर होता. ताठ बसलेला. हात गुडघ्यांवर. गेलेला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल. पण गाडी चालवणारा माणूस मागे जाऊन का बसला, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

ड्वेन अंत्यविधीला गेला नाही. आपण खरं तेच बोललो, असं तो म्हणायचा. मला तेव्हाच त्याची चीड आली होती. मी बोललो नाही, हीही माझीच चूक.

दोन वर्षांनी नडीनचा फोन आला. गाडी पुन्हा एकदा नीट तपासा, सीटा काढून. तो गेला. आपण चुकूच शकत नाही याची त्याला खात्री होती.

गाडी पत्र्याच्या शेडमध्ये होती. नडीन दारात उभी राहिली. तिने सांगितलं की सासरे आता वृद्धाश्रमात आहेत, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. प्रदर्शनाच्या त्या दिवसापासून ते कधी चारचौघांत गेले नाहीत. माणसं खोटारडा म्हणून ओळखतात, म्हणतात.

"मला गाडी विकायची नाही, मिस्टर झिमर," ती म्हणाली. "तुम्ही चुकलात असं दिसलं, तर एकच करा. त्यांच्यासमोर येऊन तोंडाने सांगा. त्यांचे फार दिवस राहिलेले नाहीत. तेवढ्यासाठीच थांबलेत."

"दिसलं तर सांगेन," ड्वेन म्हणाला.

ती कॉफी करायला घरात गेली.

त्याने आधी डिकी उघडली. आतून फळीखाली हात घातला. भोकं होती. तुटलेली वायर लोंबत होती.

डबा नव्हता.

त्याने तिथूनच ओरडून विचारलं. नडीनने स्वयंपाकघराच्या खिडकीतून उत्तर दिलं. डबा लाईलबरोबर पुरला होता. सासऱ्यांचा हट्ट.

ड्वेनला हसू आलं. त्याने मागची सीट उपसून शेडच्या जमिनीवर ठेवली. उलटी केली. आणि स्प्रिंगांत खोचलेला एक पिवळा कागद त्याला दिसला.

हा कागद म्हणजे या गाडीवेड्या लोकांचा वेद. कारखान्यात गाडी बनताना तिच्याबरोबर फिरायचा. काय काय बसवायचं त्याचे आकडे त्यावर असायचे. काम संपलं की कामगार तो हाताला येईल तिथे कोंबायचे. कागद सापडला की वाद संपला.

त्याने बोट फिरवत आकडे वाचले. रेडिओ. घड्याळ. आणि पुढे...

घुमाऱ्याचा डबा.

कारखान्यातूनच आलेला. म्हातारा खरं बोलत होता.

पण ड्वेन थबकला तो त्यामुळे नाही. त्या आकड्यापुढे मेणाच्या निळ्या पेन्सिलीने खूण केलेली होती. ज्याने वस्तू बसवली त्याची खूण. झेडच्या पोटात आडवी रेघ.

ती खूण त्याची स्वतःची होती.

वीस वर्षांचा असताना, फौजेत जाण्याआधी, सहा आठवडे तो त्या कारखान्यात हेच डबे बसवायला उभा असायचा. आता त्याला सगळं आठवलं. डबे इतके थोडे असायचे की त्यांच्यासाठी भोकांचा साचाच नव्हता. रंग दिलेल्या गाडीत, पुठ्ठा धरून, हाताने ड्रिल मारायचं. उघडा पत्रा राहणारच. ती भोकं त्यानेच पाडली होती.

कुणीही माणूस इथे डोकं धरून बसला असता.

ड्वेनने कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या आत सरकवली.

तेवढ्यात गाडीतून आवाज आला... कर्र...

मागच्या सीटवर कुणीतरी बसल्यावर स्प्रिंगा दबतात, तसा.

सीट तर त्याच्या पायाशी उलटी पडली होती.

त्याने घाईघाईने ती उचलून जागेवर बसवली. मग पुढच्या सीटवर जाऊन बसला, काहीतरी तपासतोय असं दाखवायला. नडीन कॉफी घेऊन आली आणि खिडकीशी वाकली.

"मिळालं काही?"

"नाही," ड्वेन म्हणाला.

आणि अर्ध्या क्षणाने... मागून, फळीतून...

"मिळाला."

पुरुषाचा आवाज. दमलेला.

गाडीत बॅटरीसुद्धा नव्हती.

नडीनच्या हातातला कप हलला नाही. ती त्या फळीकडे बघत होती. मग म्हणाली, "बरं." एवढंच.

परतीच्या वाटेवर तो आपल्या पिकअपमध्ये स्वतःशीच पुटपुटला, उगाच गेलो. अर्ध्या क्षणाने मागून आलं, "सांगून ये."

पिकअपला मागे सीटच नाही.

त्यानंतर रोज. गाडीत तोंड उघडलं की मागून तेच. पेट्रोल भरताना, गाडीत बसूनच पैसे काढता येतात त्या बँकेच्या खिडकीशी, बायकोला दवाखान्यात नेताना. बायकोला काही ऐकू यायचं नाही. "सांगून ये." दरडावून नाही, विनवणीच्या सुरात. वृद्धाश्रम त्याच्या घरापासून सात मैलांवर. पंधरा मिनिटांचं काम. एक वाक्य बोलायचं होतं.

तो गेला नाही. लोकांना कळलं तर नाव जाईल म्हणून गेला नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एमेट ब्रँडाऊ गेला. शेवटचे चार दिवस जेवला नाही. दाराकडे तोंड करून निजवा, एवढंच नर्सला सांगायचा.

त्या दिवशी ड्वेनच्या गाडीतला आवाज थांबला. दोन दिवस शांतता होती. सुटलो, असं त्याला वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी गाडीत त्याच्या शेजारी बसलो होतो. थंडी वाढलीय, असं काहीतरी तो बोलला. आणि पांढराफटक पडला. भर रस्त्यात गाडी थांबवून खाली उतरला आणि चालू लागला. मला काही ऐकू आलं नव्हतं. काय झालं ते त्याने मला थेट एप्रिलमध्ये सांगितलं.

आता मागून दोन आवाज येत होते. एक म्हाताऱ्याचा. म्हातारा म्हणायचा, "खोटारड्याला विचारून काय होणार?" आणि दुसरा हसायचा.

एप्रिलमध्येच त्याने तो कागद माझ्या हातात ठेवला. तू नेऊन दे, मला गाडीत बसवत नाही, म्हणाला. रडला. मला दया आली नाही. खरं तेच सांगतोय.

मी नडीनकडे गेलो. तिने कागद घेतला, उघडलासुद्धा नाही.

"हा मला आधीच सापडला होता," ती म्हणाली. "सप्टेंबरात. निळी खूण कुणाची तेही कारखान्यातल्या एका जुन्या माणसाकडून कळलं. सासऱ्यांना दाखवला, तर म्हणाले, मला काय दाखवतेस, गाडी मीच मागवली होती. त्याला सांगू दे. म्हणून परत स्प्रिंगांत खोचला आणि तुमच्या मामांना फोन केला."

मला मान वर करता येईना. मी मामाच्या वतीने माफी मागितली. त्याचे हाल होतायत, आवाज ऐकू येतात, हेही सांगितलं.

तिने दाराची मूठ धरली.

"एकच आवाज येतो, की दोन?"

"दोन," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मागच्या हिवाळ्यात ड्वेन बर्फावर घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्स आली. मागे नको, मला मागे नका घालू, म्हणून तो ओरडत होता. दोघांनी धरून घातला. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. मधली छोटी खिडकी उघडी होती.

थोडं अंतर गेल्यावर त्याचं ओरडणं थांबलं. मग स्पष्ट, सावकाश, शाळेतल्या मुलाने पाठ म्हणावा तसा तो म्हणाला, "डबा कारखान्यातूनच आला होता. मी चुकलो."

ते वाक्य. तीन आठवडे एक म्हातारा ज्याची वाट बघत पडला होता, ते.

आणि अर्ध्या क्षणाने...

"आता कुणाला सांगतोस?"

मी ऐकलं. म्हाताऱ्याचा आवाज होता. मागे ड्वेनजवळ बसलेली नर्स तिशीची मुलगी होती.

ड्रायव्हरने रेडिओ बंद करायला हात पुढे केला. रेडिओ बंदच होता. त्याने हात तसाच मागे घेतला आणि हॉस्पिटल येईपर्यंत आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

ड्वेन वाचला. आता त्याच वृद्धाश्रमात आहे. दिवसभर ते एकच वाक्य म्हणतो आणि मग थोडा थांबतो.

मी महिन्यातून एकदा जातो. माझ्या घरापासून सहा मैल आहे. सायकलने जातो.