कल्ले स्वच्छ आहेत

काचटाकीतला शेवटचा रोहू पोट वर करून तरंगू लागला, तेव्हा डॉ. नलिनी हुमणे यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे दोन वाजले होते. चार वाजता मासे न्यायला गाड्या येणार होत्या, आणि त्यांना वाट मोकळी करून देणाऱ्या अहवालावर नलिनीबाईंचीच सही होती.

भंडारा जिल्ह्यातल्या त्या तलावाकाठची मत्स्यरोग प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, पाच काचटाक्या आणि एक ओळखयंत्र. तलाव मासेमारी करणाऱ्या ढिवर बायकांच्या संस्थेकडे होता. तीन आठवड्यांपूर्वी रोहू आणि कटला पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागले, तेव्हा नलिनीबाईंनी कल्ल्यांवरचा चिकट थर खरवडून काचपट्टीवर घेतला आणि यंत्राखाली सरकवला. आकार, चिकटायच्या आकड्यांची मांडणी आणि हालचाल पाहून यंत्र क्षणात परजीवी ओळखी आणि मोजून सांगे. चक्रजीव, एकशे ऐंशी. आकडेकृमी, चाळीस. दहा मासे नजरेखाली काचटाक्यांत आणून ठेवले, औषध सुरू झालं. आकडे उतरत गेले आणि तीन दिवसांपूर्वी पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'स्वच्छ' उमटलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आज तेच दहा स्वच्छ मासे मेले होते. नलिनीबाईंनी टाकीतल्या पाण्याचा थेंब यंत्राखाली धरला. त्यात शेकडो चक्रजीव गरगर फिरत होते, अगदी ठणठणीत.

त्यांनी पुण्याला प्रा. तुळपुळ्यांना फोन लावला. माशांचे परजीवी ओळखायला त्यांनीच शिकवलं होतं.

"चक्रजीव औषधानं मेलेले नाहीत, सर. उतरून गेलेत."

"मेलेल्या माशावरून उतरतातच. म्हणून तर नमुना जिवंत आणा म्हणून घसा कोरडा करतो मी."

"हे मरणाआधी उतरले. तीन दिवस आधी. आणि ज्या पाच माशांना तुलनेसाठी औषध दिलंच नव्हतं, त्यांच्यावरूनही."

तुळपुळे मग सावकाश म्हणाले, "यजमानाच्या, म्हणजे माशाच्या, पेशी मंदावल्या की अंगावरच्या स्रावाची चव बदलत असणार. तुझ्यामाझ्या उपकरणांना ती कळणार नाही, पण हे जीव जन्मभर तेवढंच चाखतात. यजमान जाणार हे त्यांना आधी कळतं. क्षयसंकेत म्हण हवं तर."

"म्हणजे मी 'स्वच्छ' लिहिलं, तेव्हा..."

"तेव्हा माशांचं मरण ठरलं होतं."

नलिनीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन आठवडे त्या घसरत्या आकड्यांकडे पाहून खूश होत होत्या.

"पाण्यात काहीतरी आहे, सर. माझ्या सगळ्या चाचण्या कोऱ्या आल्यात. तुमच्याकडे नमुना पाठवला तर?"

"आठ दिवस लागतील."

"मासे आज चार बाजारांत जातील!"

"थांबव ना मग."

"काय सांगून? कल्ले स्वच्छ आहेत म्हणून?"

"शिवाय माशाला जे मारतं, ते माणसाला बाधेलच असं नाही." तुळपुळ्यांना कुठंही शंका काढायची खोडच होती. "मासा खाल्लेला माणूस दाखव, मग बोलू."

नलिनीबाई खुर्चीत बसल्या. "परवा दुपारी पहिल्या जाळ्यातला मी खाल्ला, सर."

त्यांनी फोन चालूच टेबलावर ठेवला.

माणसाच्या पापण्यांच्या मुळाशीही डोळ्याला न दिसणारे जीव राहतात, म्हाताऱ्यांत तर हमखास. तुळपुळे दरवर्षी पहिल्या तासाला प्रत्येकाला स्वतःच्या पापणीचा केस उपटून बघायला लावत. नलिनीच्या एका केसाशी चार निघाले होते आणि वर्गानं तिला वर्षभर 'चाळमालकीण' म्हणून पिडलं होतं. गेल्याच महिन्यात दुसऱ्या गावच्या प्रशिक्षणात त्यांनी ती गंमत स्वतःच्याच केसावर पुन्हा दाखवली, तेव्हाही तीन सापडले होते.

त्यांनी आरशात पाहून चिमट्यानं पापण्यांचे सहा केस उपटले. ते काचपट्टीवर मांडले.

तेवढ्यात संस्थेच्या अध्यक्षा इंदुबाई वलथरे आत आल्या. वय साठीचं, पदर खोचलेला. "गाड्या लवकर आल्या ना वो मॅडम. जाळे ओढतो आता." मग त्यांना टाकी दिसली. "हे काहून मेले?"

नलिनीबाईंनी सगळं सांगितलं. इंदुबाई उभ्यानंच ऐकत राहिल्या.

"तीन वर्षांची मेहनत हाय आमची," त्या म्हणाल्या. "तुमीच म्हटलं स्वच्छ. आता तुमीच नाही म्हणता. चाळीस बायांना मी काय सांगू?"

"मासा तुम्ही खाल्ला का, इंदुबाई?"

"मी कशी खाईन? पयल्या जाळ्याचा मासा राखणाराचा, म्हणजे तुमचा. दुसऱ्यानं तोंडाले लावाचा नाही. आमी सगळ्यांनी वांगे खाल्ले त्या दिवशी."

"मग बसा इथं. पापणीचे केस द्या."

इंदुबाईंच्या पापणीचे तीन केस काचपट्टीवर ठेवले. पडद्यावर लांबट, आठ आखूड पायांचे जीव वळवळू लागले. यंत्रानं मोजले: अकरा.

"अगाई!" इंदुबाईंनी पदर तोंडाला लावला. "इतकी घाण? मी तं रोज न्हातो वो."

"घाण नाही, बाई. लाखमोलाचे आहेत." नलिनीबाईंना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. त्यांनी दुसरी काचपट्टी सरकवली. यंत्र सहाही केस मुळापासून टोकापर्यंत चाळत राहिलं. मग हिरवी अक्षरं उमटली.

इंदुबाईंना वाचायला फारसं येत नव्हतं. पण हे हिरवं अक्षर त्यांना तीन आठवड्यांत पाठ झालं होतं.

"हे कोणाचं?"

नलिनीबाईंनी बोट स्वतःच्या पापणीला लावलं.

इंदुबाई उठल्या, दारात गेल्या आणि काठाकडे तोंड करून जीव खाऊन ओरडल्या, "जाळे सोडा! सोडा म्हणतो ना! एकबी मासा गाडीत चढवाचा नाही!"

काठावर गलका झाला. कुणीतरी का म्हणून विचारलं. इंदुबाईंनी दार लोटून घेतलं. त्या परत आल्या आणि नलिनीबाईंचा हात हातात घेऊन शेजारी बसल्या. फोनमधून तुळपुळे गाडी काढतो, पुण्याला दाखल करतो, असं काहीबाही बोलत होते.

"एकच तुकडा घेतला होता तुमी," इंदुबाई म्हणाल्या. "पुरे म्हणत होत्या."

"हो."

"दुसरा मीच वाढला ना वो. बळजबरीनं."