दुसरं बटण

दादाचा डबा आणायला मी गुरुवारी गेलो. गुरुवारी आमच्याकडच्या कारखान्यांना सुट्टी असते. त्या दिवशी लाईटही नव्हती. चिखलीच्या त्या शेडमध्ये भर दुपारी अंधार होता. तेलाचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास येत होता.

माझा भाऊ समाधान सतरा वर्षांचा होता. अकरावीची परीक्षा झाली आणि सुट्टीपुरता तो तिथे पत्रा दाबायच्या प्रेसवर लागला. पॅकिंगच्या टेबलावर मैत्री नावाची मुलगी होती. सुरुवातीला ती त्याला 'शाळकरी' म्हणून चिडवायची. महिन्याभरात दोघं एका डब्यात जेवायला लागली. दादा रोज दाढी करायचा, दाढी नसताना. मी हसलो की म्हणायचा, "बारक्या, तुलाबी कळंल."

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहत नाही. पण मालक सोपानराव काम लवकर उरकावं म्हणून एक बटण चिंधीनं आवळून बांधायचे. मग एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण दाबायचं. दादाचा डावा हात त्यातच गेला. मालकांनी आधी चिंधी सोडून जाळली, मग गाडी काढली. आधी चिंधी! तोवर दादाचं रक्त वाहून गेलं होतं. पोलिसांना सांगितलं, पोरगा पोरीकडं बघत होता.

शेडमध्ये सोपानराव एकटेच होते. मैत्री माझ्यासोबत आली होती. तिनंच ते सगळं पाहिलं होतं.

"शेठ, चिंधी बांधली होती म्हणून सांगा पोलिसांना," मी म्हणालो.

"कसली चिंधी?"

"तुम्ही जाळलीत ती," मैत्री म्हणाली.

"तू गप. तुझ्यापायीच गेला तो."

मी अंगावर धावणार, तेवढ्यात सोपानराव मशीनपाशी गेले. डावा हात आत ठेवला. उजव्यानं एक बटण दाबलं. खट्.

"बघ. पडतीय का एका हातानं? उगं लोकांवर आळ घेतोय."

ते हसले. मग दुसरं बटण हललं.

त्याला कुणाचाही हात लागला नव्हता. ते हळूहळू आत गेलं आणि तसंच राहिलं... बांधल्यासारखं. लाईट नव्हती, तरी मशीनचं मोठं चाक फिरायला लागलं.

"हात... हात निघंना..." सोपानराव पुटपुटले.

खोटं कशाला बोलू, मला वाटलं, पडू दे.

मैत्री पुढे झाली. "समाधान... नको रे," ती हळूच म्हणाली. "तू असा नाहीस."

चाक थांबलं. सोपानराव हात पोटाशी धरून खाली बसले. "मीच बांधली होती... मीच," म्हणत रडले.

दुसऱ्या दिवशी पोलिसांपुढे म्हणाले, मी असं काही बोललोच नाही.

त्या रात्री मी दादाचा डबा उघडला. तो गेल्यापासून शेडमधल्या खिळ्याला टांगलेला होता. आत चिंधी होती. गाठ तशीच आवळलेली, आणि लाल, ओली.

पंधरा दिवस झाले. मे महिन्याच्या उन्हात मी ती रोज घराच्या पत्र्यावर टाकतो.

वाळत नाही.