बारा चाळीसचे तीन सेकंद

काम तसं साधं होतं. इनामगावच्या बाहेर, घोड नदीच्या काठी आमच्या कंपनीची चाचणीची शेड आहे. तिथं जायचं, शेवटच्या कागदावर सही करायची आणि जेवणाआधी निघायचं. मी दौंडची सुफिया. मोठमोठ्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम, आणि या कामात माणूस जरा संशयीच होतो.

हे सॉफ्टवेअर लष्करी चौक्यांसाठी होतं. आपला जवान पडद्यावर हिरवा ठिपका, परका माणूस लाल. लाल ठिपक्यावर बंदूक आपोआप वळते. तीस दिवस न थांबता चालवून बघायचं, असा नियम. एकोणिसाव्या दिवशी, दुपारी बारा चाळीसला, एक हिरवा ठिपका तीन सेकंद लाल झाला. तो पाहिला फक्त माझे वरिष्ठ गनीमामा यांनी. मशीनमध्ये नोंद उमटली नाही. आम्ही दोनशे वेळा तसंच चालवून पाहिलं, पण पुन्हा काही झालं नाही.

"एकदा दिसलं म्हंजी हाय ते, पोरी," मामा सुंठ चघळत म्हणायचे. "म्या जित्ता हाय तवर ही चूक बंद करू देणार न्हाई."

जानेवारीत ते झोपेतच गेले.

त्यानंतर सहीच्या त्या दिवशी आमचे मॅनेजर सत्यजीत सर यांनी कागद पुढं सरकवला. "'पुन्हा आढळली नाही' लिहा आन् मोकळ्या व्हा. उद्या पेट्या घेऊन गाडी चौक्यांवर निघतीय."

माझा धाकटा भाऊ सैफ अशाच एका चौकीवर आहे. ते डोक्यात होतं, तरी मी सही केली. नोकरी जाईल ही भीती, दुसरं काही नाही. आजही स्वतःची लाज वाटते. पेन खाली ठेवलं आणि शेडभर सुंठीचा वास पसरला. भिंतीशी ठेवलेली मामांची खुर्ची रिकामीच होती. वास येतोय का विचारलं, तर ऊन लागलं असेल तुम्हाला, असं सर म्हणाले.

तीन आठवड्यांनी सैफचा फोन आला.

"आपा, तुमच्या शेडवरची पेटी आमच्याकडं बसवलीय. झकास चालती. फकस्त दुपारी बारा चाळीसला तीन सेकंद बंद पडती. रोज. आन् तवा… वास येतो."

"कसला?"

"सुंठीचा. इथं तर कुणी खात न्हाई."

मी घाईनं फोन ठेवला. पण खरं सांगते, त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले. चूक व्हायच्या त्या तीन सेकंदांत कुणीतरी तिथं पेटी दाबून धरत होतं. चौकीवरून पेटी बंद पडते अशी तक्रार आली, तेव्हाही मी गप्प राहिले. रोज एक वाजला की सैफचा मेसेज यायचा, आणि मगच मी डबा उघडायची.

आज दुपारी शेडवर सत्यजीत सर खुशीत माझ्या टेबलापाशी आले.

"ती बंद पडायची कटकट मिटली बघा. सकाळीच दुरुस्ती पाठवली. आता एक सेकंदसुदिक थांबायची न्हाई."

घड्याळात बारा सदतीस झाले होते.

मी सैफला फोन लावला. रिंग जात होती. "सर, ती पेटी बंद करायला सांगा… आत्ताच्या आत्ता. चूक आहे तिच्यात. माझी सही खोटी होती."

सरांचं हसू मावळलं. "नोंद कुठं हाय? नोंदीशिवाय मी कुणाला काय सांगू?"

रिंग संपली. मी पुन्हा लावला. बारा एकोणचाळीस.

मागं फरशीवर काहीतरी खरडलं. सावकाश. भिंतीशी असलेली ती खुर्ची माझ्या शेजारी येऊन थांबली, आणि सुंठीचा वास इतका जवळून आला की डोळ्यांत पाणी आलं. सर दोन पावलं मागं सरले. त्यांनाही दिसलं होतं.

"मामा," मी पुटपुटले, "तुम्ही इथं… मग तिथं कोण हाय?"

खुर्ची हलली नाही. फोनची रिंग वाजतच राहिली.