किटलीनंतर कोण?

ललिताचं पुस्तक परत द्यायला मी तिच्या अमरावतीच्या खोलीवर गेले आणि दारातच एका उंच मुलावर आदळले.

"आत नको जाऊ," तो डोळे मिटूनच म्हणाला. "मी मन वाचून राहिलो."

"भिंतीतून?"

त्यानं एक डोळा उघडला आणि हसला. हसण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक, पण मलाही हसू आवरेना...

हा धर्मपाल. आतली मंडळी त्याच्यामागे एखादी वस्तू मनात धरत. मग तो आत येई, त्याची बहीण सुभद्रा एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारी – "ही?" – आणि तो अचूक ओळखी. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. मी मात्र नीट बघत बसले. निघताना त्याच्या कानाशी पुटपुटले, "काळ्या वस्तूनंतरची. बरोबर?"

त्याचा चेहराच उतरला. "कोणाले सांगू नको, बाप्पा!"

"मग मले काय देशीन?"

"माही जोडी!"

पुढे सुभद्रा सासरी गेली आणि मी खरंच त्याची जोडीदार झाले – डावापुरती. धम्मदीक्षेनंतर बाबांनी मला हट्टानं कॉलेजात घातलं, आणि मी तिथं काय शिकले, तर हे! कुणी नुसतं काळ्या मांजराचं नाव काढलं तरी आम्ही दोघंच फिस्सकन हसायचो. पण दोघंच असलो की माझी दातखीळ बसायची.

तशीच ती बसली मोर्शीला, ललिताच्या वडिलांच्या संत्राबागेत. झाडं फळांनी वाकलेली, बोटांना सालीचा वास. धर्मपालनं सोललेलं संत्रं माझ्या हातावर ठेवलं आणि खाली बघत म्हणाला, "मैना, अकोटच्या शाळेत नोकरी लागली. उद्या जाऊन राहिलो. मायनं तिथं पोरगी पाहून ठेवली हाये... म्या अजून हो नाही म्हटलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी – मी फोड तोंडात घातली! तेवढ्यात ललिता आणि आमच्या कंपूतला श्रावण येऊन टपकले. "चला, डाव मांडू!"

धर्मपाल विहिरीमागे गेला. मंडळींनी मनात टोपली धरली. आणि माझ्या डोक्यात आलं, जे तोंडून निघत नाही ते डावातून तर सांगता येईल! तो आला. मी एकेक दाखवू लागले.

"हे झाड?"

"नाही."

"ही किटली?" चहाची काजळलेली, काळीकुट्ट किटली.

"नाही."

"मग... तू?"

श्रावणनं शिटी मारली. धर्मपालनं माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाला, "नाही."

संपलं. डोळ्यांपुढचं काही दिसेना. समोर जे आलं त्यावर बोट ठेवलं, "मग हा बैल?"

"हो!" धर्मपाल खुशीत ओरडला.

"हरले! हरले!" श्रावण नाचायलाच लागला. "मैनेच्या मनात बैल!"

मला रडू फुटणार होतं. धर्मपाल मात्र गोंधळून किटलीकडे बघत होता, मग माझ्याकडे... आणि एकाएकी त्याचे कान लाल झाले.

"थांबा," तो घाईघाईनं म्हणाला. "आता उलटा डाव. मी इचारतो, मैना ओळखंन."

मी विहिरीमागे जाऊन पदरानं डोळे पुसले. परत आले तेव्हा त्याचा हात किटलीवरच होता.

"हे?"

"नाही," मी तुटकपणे म्हटलं.

"हे संत्रं?" हे त्यानं फार सावकाश विचारलं.

आणि मला आठवलं! श्रावणला युक्तीचा सुगावा लागला म्हणून मागच्याच आठवड्यात यानं नियम बदलला होता – काळ्यानंतर एक सोडून पुढचं. मघाशी त्यानं मला नाही, डावाला 'नाही' म्हटलं होतं. छातीवरचा धोंडा असा उतरला की मी मोठ्यानं हसले.

"नाही, नाही, संत्रं नाही!"

"मग..." त्याचं बोट स्वतःच्या छातीवर टेकलं. "मी?"

"हो," मी म्हटलं. "हो, हो!"

"पुन्हा चुकली!" ललितानं टाळ्या पिटल्या. "आमी तर बादली धरली होती! काहून गं मैना, आज झालं काय तुले?"

"कोण म्हणते चुकली?" धर्मपाल म्हणाला. त्याचं बोट अजून छातीवरच होतं. "बरोबर वळखलं तिनं. आता मायले सांगा लागंन."