भरतीच्या आधी

डेस माझा मेव्हणा, बहिणीचा नवरा. वर्षातून दोनदा आम्ही गाडी घेऊन राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यावर तंबू ठोकायला जायचो. त्या जूनमध्येही निघालो. पुळणीच्या तोंडाशी, रेतीत चाकं रुतू नयेत म्हणून टायरांतली हवा कमी केली, ओहोटीचं वेळापत्रक पाहिलं. पाणी वाटेवर चढायला दोन तास होते आणि तंबूची जागा पुळणीवरून तासाभरावर.

अर्ध्या वाटेवर ती गाडी दिसली. जुनी, फिकट हिरवी, दरवाज्यापर्यंत रेतीत रुतलेली. आत एकच म्हातारी, मांडीवर हात ठेवून समुद्राकडे बघत होती.

"बाई, उतरा. भरती लागलीये," डेस म्हणाला.

"हे मदत आणायला गेलेत. इथेच बस म्हणालेत."

"कधी गेले?"

तिनं विचार केला. "उजाडलं होतं तेव्हा."

आम्ही दोन्ही गाड्यांना ओढायचा पट्टा बांधून ओढून पाहिलं. माझ्या गाडीची चाकं नुसती फिरत राहिली, पण तिची गाडी तसूभर हलली नाही. दरवाजा रेतीनं दाबून धरला होता. डेसनं खिडकीतून हात घालून तिचा हात धरला.

"खिडकीतून काढतो तुम्हाला. या."

"ते आले आणि मी नसले तर...?"

सूर्य टेकडीमागे गेला. मागे शेवाळाचा कुजका वास, पुढे लाटांचा घोगरा आवाज. पाणी माझ्या चाकांखालची रेती ओढू लागलं. मी पट्टा सोडला, हाका मारल्या. डेस हलेना. शेवटी मी त्याला कमरेला धरून मागे खेचलं.

"परत येशील ना रे?" तिनं विचारलं. अगदी शांतपणे.

"येतो," डेस म्हणाला.

गाडी कशीबशी उंचवट्यावर चढवली. मागे वळून पाहिलं, तर लाट तिच्या खिडकीतून आत जात होती आणि ती तशीच ताठ बसली होती. काच वर करायलाही तिनं हात उचलला नव्हता.

सकाळच्या ओहोटीला उद्यानाच्या रेंजरला घेऊन गेलो. पुळण कोरी होती. गाडी नाही, खड्डा नाही, आमच्या चाकांच्या खुणासुद्धा नाहीत. रेंजर मोयरानं वायरलेसवर चौकशी केली. मग म्हणाली, "अशी कुणी बाई हरवल्याची नोंद नाही, नोएल. उद्यानात अशी गाडी आलेलीच नाही."

मला सुटल्यासारखं झालं. डेसला नाही.

"हात खरा होता," तो म्हणायचा. "तू मला ओढलंस. तिच्या बोटांनी मला सोडलं नव्हतं."

त्यानं काम सोडलं. दर महिन्याला एकटाच तिथे जायचा. माझी बहीण रडली, भांडली, शेवटी घर सोडून गेली. मी एकदा म्हटलं, "मीही येतो तुझ्याबरोबर."

"नको. तू परत ओढशील."

मी खरंच ओढलं असतं. म्हणून गेलो नाही. या मार्चमध्ये तो परतला नाही.

त्याची गाडी मोयराला सापडली. पाणी कधी पोचत नाही अशा उंच टेकाडावर, नीट उभी केलेली, कुलूप लावलेली. डेस अजून सापडलेला नाही. शोध थांबवलाय.

काल मोयरा घरी आली. चहा घेतला नाही. दारातच म्हणाली, "एक गोष्ट अहवालात लिहिली नाही मी. शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला होता, नोएल. रिकाम्या सीटवर, घट्ट आवळून. बाकी गाडी कोरडी ठणठणीत... पट्टा तेवढा ओला. सोडवून वाळत घातलाय मी. तीन आठवडे झाले, अजून पाणी गळतंय."