ओटोजींसाठी वाढलेलं पान

पटणार नाही, ठाऊक आहे मला. मी स्वतः डॉक्टर. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीच हसले असते. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं, तेही भर दुपारी. आयर्लंडमधलं स्लायगो, सप्टेंबर २००३.

हानाच्या घरात मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. हाना जर्मन. दुसऱ्या महायुद्धात अनाथ झालेली, पाच वर्षांची असताना आयर्लंडला आणलेली. तिचे वडील ओटो चित्रकार होते. मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायचे. हाना पोटात असतानाच त्यांना आघाडीवर धाडलं. ते परतलेच नाहीत.

त्यांचं एकच चित्र तिच्याकडे होतं. खिडकीत बसलेली मुलगी...

चेहरा कोरा.

"मला पाहून मग काढणार होता," हाना म्हणायची. "पाहिलंच नाही गं त्याने मला."

एवढं बोलून ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. बासष्ट वर्षांची बाई, पण लहान पोरीसारखी.

त्या दिवशी घात चतुर्दशी होती. शस्त्राने गेलेल्यांची तिथी. माझी आई नागपूरहून आली होती. एकाहत्तरच्या लढाईत गेलेल्या मामासाठी ती दरवर्षी पान वाढते. त्या दिवशी तिने परसात दोन पानं मांडली. शेजारी पाण्याचे पेले.

"दुसरं कोणाचं गं?"

"हानाच्या बाबांचं. तेही लढाईतच गेले नं?" आणि मोठ्याने म्हणाली, "ओटोजी, या जेवायला."

मी इंग्रजीत सांगितलं तशी हाना स्वयंपाकघरातून हसली. "शुअर, ग्रँड." म्हणजे, चालेल की.

मामाच्या पानाला कावळा लगेच शिवला.

ओटोजींच्या पानाला... एकही नाही. भिंतीवर कावळेच कावळे. सगळे गप्प.

"काहीतरी राहून गेलंय त्यांचं," आई पुटपुटली. तिने हानाला हाताला धरून बाहेर आणलं, पानासमोर उभं केलं.

"बघा जी. ही तुमची पोरगी. नीट बघून घ्या."

मी अर्थ सांगितला. हाना ओठ घट्ट मिटून रडू लागली.

वारा पडला.

आणि हानाच्या खोलीतून आवाज आला... खर्र... खर्र... कागदावर पेन्सिल चालावी तसा.

घरात कोणीच नव्हतं.

मग ओटोजींच्या पानाशेजारच्या पेल्यातलं पाणी हळूहळू करडं झालं... ब्रश बुडवल्यासारखं.

आवाज थांबला. भिंतीवरचा एक कावळा खाली उतरला आणि पानाला शिवला.

आम्ही आत धावलो.

चित्रातल्या मुलीला चेहरा आला होता. लहान मुलीचा नाही. सुरकुतलेला, रडणारा, ओठ घट्ट मिटलेला. आत्ताचा.

हाना ओरडली नाही. चित्राजवळ जाऊन उभी राहिली.

"म्हणजे बोलावलं की येतात?" ती म्हणाली. "मी कधी बोलावलंच नाही गं त्याला."

ते करडं पाणी मी ओतून टाकलं. हाना आता नाही, चित्र माझ्याकडे आहे. चतुर्दशीला दोन्ही पानं मीच वाढते. पण ओटोजींना हाक मारायच्या आधी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवते; बोलावलं की ते येतात.